तीन पाण्यांनी धुतलेलं शेवाळ

नियम मला पाठ होता. पाठ कसला, मीच तो लिहिला होता. आमच्या केंद्राचे प्रमुख वझेसर, त्यांनी इंग्रजीत दीड पान काढलं होतं, ते इथे कोण वाचणार? मी त्याची एक ओळ केली आणि केंद्राच्या दारात ठोकली: वाळवणाला क्रमांक असतो, नाव नसतं. आणि तो नियम मोडलाही मीच. तेव्हा पुढे जे सांगणार आहे त्यात माझी बाजू वगैरे काही नाही, हे आधीच सांगून टाकते.

मी शालन तांडेल. देवगडच्या उत्तरेला खडपाच्या, म्हणजे खडकाळ, किनाऱ्यावर आमचं सागरशर्करा केंद्र आहे, तिथे गेली बावीस वर्षं मी समुद्री शेवाळातून साखर काढते. साखर म्हटलं की नवा माणूस हमखास विचारतो, चहात चालेल का. पहिली दहा वर्षं मी हसले. आता नुसती बघते, मग तो गप्प बसतो.

ही साखर गोड नसते, पांढरी नसते आणि खाण्यासाठी नसते. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला साखरेच्याच साखळ्यांचं एक अस्तर असतं. मूत्रपिंडाच्या गाळण्यांमध्ये हे अस्तर फार कामाचं. रक्तातली प्रथिनं बाहेर पडू नयेत म्हणून ते राखण करतं. काही मुलांचं हे अस्तर झिजत जातं. मग प्रथिनं लघवीतून वाहून जातात, पोराचं तोंड सुजतं, पाय सुजतात, साधा सर्दी-ताप पेलवत नाही. आमच्या खडपावरच्या तपकिरी शेवाळात ज्या साखळ्या असतात त्या ह्या अस्तराशी इतक्या जुळतात, की त्यांचे नेमके तुकडे रक्तात सोडले तर ते झिजल्या जागी जाऊन चिकटतात. कपड्याला ठिगळ लावतात तसंच हे.

पण तुकडे नेमके पाहिजेत, आणि सगळी रडकथा तिथेच आहे. ओहोटीला शेवाळ उघडं पडतं आणि त्याला ऊन लागतं. मग ते जीव वाचवायला आपल्याच लांब साखळ्या कापून आखूड करतं आणि त्यांचा बुळबुळीत थर अंगावर ओढून घेतं. ह्या आखूड तुकड्यांची टोकं जशी असतात तशी आम्हाला आम्लात उकळून कधीच जमली नाहीत. लांबी जमते, पण टोकं जमत नाहीत, आणि चिकटायचं काम टोकांचं. म्हणून शेवाळ ओहोटीला दोन तास उन्हात तापू द्यायचं, मग हाताने खुडायचं, डबक्यातल्या खाऱ्या पाण्यात एकदा हलवून वाळू काढायची आणि जाळीवर वाळवायचं. मग आम्ही तो थर काढून, गाळून, ज्याच्या त्याच्या अस्तराच्या नकाशाप्रमाणे तुकडे छाटतो. एका मुलाला वर्षभर लागणारं औषध एकाच दिवसाच्या, एकाच वाळवणातून. त्या वाळवणाला एक क्रमांक.

मुलाचं नाव का नाही, तर माणसाचा हात नाव कळलं की बदलतो, असं वझेसर म्हणायचे. मी मनात म्हणायची, सगळं शिकून आलेत पण माणसं माहीत नाहीत.

खुडायला बारा बायका होत्या, त्यात माझी वहिनी जयवंती सगळ्यात तरबेज. शेवाळ वरून करकरीत झालंय आणि खालून अजून ओलं आहे, तो क्षण तिला बरोबर कळायचा. आमच्याकडे त्यासाठी एक सेन्सर होता, तो तिच्यापेक्षा दहा मिनिटं उशिरा वाजायचा. दादा माझा जहाजावर खानसामा, वर्षातले दहा महिने बाहेर. घरात वहिनी आणि त्यांची एकुलती मुलगी विभा, अकरा वर्षांची. त्यांचं घर माझ्यापासून दोनशे पावलांवर. माझं लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही, म्हणून माझं जेवणखाण, रागलोभ सगळं तिथेच.

विभाला नऊ वर्षांची असताना सूज आली. तिसऱ्या प्रकारचं दुखणं निघालं, सगळ्यात हट्टी. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलं, मीठ बंद. त्या दिवसापासून वहिनीच्या स्वयंपाकघरातून मीठ गेलं ते गेलंच. पोरीसमोर आपण खारं कसं खायचं म्हणून तीही आळणी पेज जेवायची. मी गेले की मलाही तीच. दोन वर्षं मी त्या घरी आळणी जेवले, आणि मी काही शांतपणे जेवणारी बाई नव्हे.

"आत्ये, तोंड वाकडा करू नको," विभा म्हणायची. "मी बरी झालंय काय सगळ्यात पयलो खारो बांगडो खातलंय. तुका वास पण देवचंय नाय."

"मिया तुझ्या ताटातलो ओढून घेतलंय," मी म्हणायची.

औषधाच्या यादीत तिचा नंबर लागला तो सतरावा, तिसऱ्या प्रकारातली ती पहिलीच. मला कोणी सांगितलं नव्हतं. पण छाटणीसाठी नकाशा माझ्याकडे आला, त्यावर वय होतं, वजन होतं, गावाचा संकेतांक होता. वजन तर मीच दर रविवारी करायची तिचं. एकवीस किलो तीनशे ग्रॅम. मी खुर्चीवरून उठले, बाहेर गेले, नळाखाली तोंड धुतलं आणि परत येऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. वहिनी खडपाच्या कडेला पदर खोचत होती. मी तिथे जायचं काहीच कारण नव्हतं.

"वैनी, आजचा वाळवण सतरा नंबर," मी म्हटलं. "ता आपल्या विभाचा."

ती तिथेच दगडावर बसली, दोन्ही हात पाण्यात बुडवले आणि डोळ्यांना लावले. मग उठून कामाला लागली. मला इतका आनंद झाला होता की मी दिवसभर लोकांवर ओरडले नाही. केंद्रातल्या पोरी एकमेकींकडे बघत होत्या.

सतरा नंबर सहा दिवसांनी माझ्याकडे आला. एरवी चार दिवस लागतात. काय सुरेख माल होता तो. वाळू नाही, शंखाचा कपचा नाही, एरवी वाळलेल्या शेवाळावर मिठाची पांढरी पूड असते तीही नाही. मी फोन करून म्हटलं, "वैनी, बावीस वर्षात असा स्वच्छ वाळवण बघूक नाय." ती खूश झाली. भिजत घातल्यावर बोटांना बुळबुळ जरा कमी लागली. लागली, हे मी आज शपथेवर सांगते. माझ्या बोटांना कळलं होतं. पण मी मनाशी म्हटलं, स्वच्छ आहे म्हणून असेल. थर कमी निघाला तेव्हा मी लांब साखळ्या आम्लात थोड्या जास्त उकळून तूट भरून काढली. तेवढी सूट नियमात आहे. आमचं यंत्र लांबी मोजतं. लांबी चोख होती. मी सही केली.

औषध सुरू झालं. आठवड्यातून तीन सुया. वहिनी आकडा विचारायला रोज संध्याकाळी दारात उभी राहायची. लघवीतल्या प्रथिनांचा आकडा खाली यायला हवा. सोळा नंबरचा तिसऱ्या आठवड्यात निम्मा झाला, अठरा नंबरचाही झाला. सतराचा तसाच. मी वहिनीला सांगायची, तिसरा प्रकार हट्टी असतो, धीर धर. दहाव्या आठवड्यात आकडा वर गेला. चौथ्या महिन्यात विभाच्या पोटात पाणी झालं, त्यात जंतू शिरले. अशा पोरांच्या अंगात झुंजायला काही उरलेलंच नसतं. जिल्ह्याच्या इस्पितळात पाच दिवस काढले. सहाव्या दिवशी सकाळी साडेनऊला ती गेली. मी तिचे पाय धरून बसले होते, सुजलेल्या पायांवर माझ्या बोटांचे खड्डे पडले होते, ते परत भरून यायच्या आत ती गेली.

दादा तिसऱ्या दिवशी पोचला. तो घरातल्या वस्तू उचलून बघत राहिला. बाराव्याला माणसं जेवून गेली. वहिनी मागच्या पडवीत माझ्याजवळ येऊन बसली. एका गोष्टीच्या आधारावर ती उभी होती, आणि ती तिने मला सांगितली.

"माझ्या हातान काय कमी पडूक नाय, शालन," ती म्हणाली. "देवान नेल्यान, ता त्येका ठावक. पण माझ्याकडून काय रवला नाय."

"नाय रवला," मी म्हटलं.

"तुका तरी खय म्हायत मी काय केलंय ता." तिच्या चेहऱ्यावर त्या बारा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. "सतरा नंबर मी गोड्या पाण्यान धुतलंय. तीन पाण्यांनी."

बाहेरच्या लोकांना कळायचं नाही, गोडं पाणी म्हणजे काय ते. समुद्र आत सरकल्यापासून आमच्या विहिरी मचूळ झाल्यात. एका घराला एक दिवसाआड दोन पिंपं गोडं पाणी येतं, त्यात पिणं, रांधणं, सगळं.

"चार पिंपां घातलंय," ती सांगत होती. "आमी दोघी चार दिस दर्यात न्हालो. विभा हसा होती, म्हणा होती, आये तुका माशाचो वास येता. तिणा पण वतल्यान पाणी, आपल्या हातान. डॉक्टर म्हणतत मीठ बंद. मगे औषधात मीठ कसा चालतला? एक खडो ठेवूक नाय मी."

आता मी काय करायला हवं होतं? मला जे कळलं ते त्याच क्षणी कळलं. खाऱ्या पाण्यात वाढलेलं झाड गोड्या पाण्यात बुडवलं की त्याच्या पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात. अंगावरचा थर सुटून पाण्यात जातो. एका पाण्यात अर्धा, दुसऱ्यात उरलेला, तिसऱ्यात काहीच राहत नाही. माझ्यापर्यंत आल्या त्या नुसत्या लांब साखळ्या, आणि मी त्या उकळून छाटून दिल्या. लांबी बरोबर, टोकं चुकीची. मीठ तर आम्ही नंतर यंत्रात काढतोच, एक कण ठेवत नाही. हे तिला मी बावीस वर्षांत कधी सांगितलं होतं? नाही. कशाला सांगायचं, तिचं काम खुडायचं.

"बरा केलंस, वैनी," मी म्हणाले.

तिने माझा हात धरला. मी तो धरू दिला.

दुसऱ्या दिवशी वझेसरांनी मला बोलावलं. त्यांचे डोळे लाल होते. विभाला तेही ओळखत होते, पण तीच सतरा नंबर हे त्यांना ती गेल्यावर यादी उघडली तेव्हाच कळलं. त्यांनी अहवालाचा मसुदा पुढे केला. तिसऱ्या प्रकारात औषध लागू पडत नाही, सबब त्या प्रकारातल्या पुढच्या सहा मुलांना यादीतून कमी करावं.

"सहाजणांना?" मी विचारलं.

"शालनताई, लागू पडत नाही तर सुया कशाला टोचायच्या पोरांना? त्यांना उगाच आशा नको. तुम्ही सही नंतर केलीत तरी चालेल. समितीपुढे महिन्याअखेर जायचंय."

मी मसुदा पिशवीत घातला आणि नऊ दिवस तो तिथेच ठेवला. त्या नऊ दिवसांत मी काय काय युक्तिवाद केले स्वतःशी, ते सांगितलं तर तुम्ही माझं तोंड बघणार नाही. वाळवण बिघडलं होतं एवढंच सांगावं, कसं ते सांगू नये. पण सरांनी विचारलं असतं, कसं. पावसाचं भिजलं म्हणावं, तर तेव्हा पाऊस नव्हता. मीच काहीतरी चुकले म्हणावं, आणि ते खोटंही नव्हतं. पण मग बाकीच्या अकराजणींपैकी उद्या एखादी कुणाच्या तरी मायेपोटी हेच करील, आणि यंत्र पुन्हा लांबी मोजून चोख म्हणेल. आणि समजा मी गप्पच राहिले, तर वहिनी जन्मभर म्हणेल, माझ्या हाताने काही कमी पडलं नाही, आणि त्यावर जगेल. सहा पोरं कुठल्या तरी गावात सुजत राहतील, त्यांची तोंडं मी कधी पाहणार नाही. तोंड न पाहिलेल्या पोरांसाठी माणसाने आपल्या माणसाचा गळा दाबायचा का? मी दाबू नये असंच ठरवत होते. खरं सांगते.

मग दहाव्या दिवशी विभाच्या गाळण्या तयार झाल्या. रुग्णाच्या पेशी घेऊन नखाएवढ्या दोन काचांवर मूत्रपिंडाची एकेक गाळणी वाढवतात. वाढायला चार-पाच महिने लागतात. विभाकडे तेवढा वेळ नव्हता म्हणून औषध गाळणीवर न तपासताच सुरू केलं होतं. प्रयोगशाळेतून विचारलं, रुग्ण गेलेली आहे, टाकून देऊ का. मी म्हटलं, द्या इकडे.

सोळा नंबरच्या वाळवणातलं थोडं शेवाळ उरलं होतं. वहिनीनेच खुडलेलं, त्याच आठवड्यातलं, खाऱ्या पाण्यात एकदाच हलवलेलं. भिजत घातलं तर बोटं सटकली, इतका थर. मी त्यातून विभाच्या नकाशाप्रमाणे चिमूटभर साखर केली आणि एका काचेवरच्या गाळणीला दिली. शेजारच्या काचेवर सतरा नंबरचं उरलेलं औषध दिलं. सहा दिवस मी दोन्हींपाशी बसून होते. सतराची गाळणी गळत राहिली. सोळाची तिसऱ्या दिवसापासून कमी गळायला लागली, सहाव्या दिवशी थांबली. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

विभा बरी झाली असती. तिसरा प्रकार बिकार काही आड आलं नसतं. माझ्यासमोर नखाएवढी विभा बरी होऊन बसली होती आणि मी त्या टेबलावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडले. केंद्रातल्या पोरींनी दार लोटून घेतलं.

वझेसरांना मी सगळं सांगितलं, नाव फोडल्याचं आधी. ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, समितीला खुडणाऱ्या बाईचा जबाब लागेल, सहीनिशी. मी जाऊ का त्यांच्याकडे, असं त्यांनीच विचारलं. मी म्हटलं, नको. तिला हे माझ्या तोंडून कळू दे.

दुपारी तीनला गेले. दादा परत जहाजावर गेला होता. वहिनी तांदूळ निवडत होती. घरात अजून मीठ आलं नव्हतं. मी बसले नाही, उभ्याउभ्याच सांगितलं. थर, गोडं पाणी, टोकं, काचेतली गाळणी. मला जेवढं सोपं करून सांगता येतं तेवढं केलं. ती सूप मांडीवर ठेवून ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं.

"म्हंजे मीठ तुमी मागसून काढतासच?"

"काढतंव."

"मगे माका सांगूक नाय तुमी कोणी."

"नाय सांगूक."

तिने सूप खाली ठेवलं. "बाराव्याक मी तुका सांगलंय तेव्हा तुका कळला?"

"कळला."

"आणि तू बरा केलंस म्हणालंस."

ती रडली नाही. मी मनाची तयारी करून गेले होते की ती छाती पिटील, मला मारील, मी तिला धरीन. तसं काही झालं नाही. तिने हात पुढे केला. "खय करूची सही?"

तिने जबाब वाचला. सावकाश, दोनदा. बारावी शिकलेली आहे ती, चांगलं वाचते. एका ठिकाणी मी 'दीड पिंप पाणी' लिहिलं होतं, तिने ते खोडून 'चार' केलं. मग विचारलं, "ही सहा पोरां कोणाची?"

"ठावक नाय," मी म्हटलं. खरंच ठाऊक नव्हतं. ह्या खेपेला मी यादी पाहिली नव्हती.

"बरां होतली?"

"होतली."

तिने सही केली, आणि कागद मला देताना तो सोडला नाही. आम्ही दोघी त्या कागदाची दोन टोकं धरून उभ्या होतो.

"नाव कित्याक सांगलंस गो माका?" ती म्हणाली.

माझ्याकडे ह्याला उत्तर होतं. आनंदाने सांगितलं, वैनी. तुझ्या तोंडावर आनंद बघायचा होता म्हणून सांगितलं. हे मी म्हणालेसुद्धा, पण इतकं हळू की तिला ऐकू आलं की नाही माहीत नाही.

"तू सांगूक नसतंस तर मी एक पाणी मारलं असतंय. खाऱ्या पाण्याचा, सगळ्यांक मारतंय तसा." तिने कागद सोडला. "माझो राग नाय तुझ्यावर. पण तू आता हय येव नको, शालन. तुका बघलंय काय माका माझे हात दिसतत."

अहवाल बदलला. समितीने माझा सहीचा अधिकार सहा महिने काढून घेतला, तेवढ्यावर सोडलं. सेन्सरसोबत आता थर मोजायचंही यंत्र आलं आहे. वहिनी अजून खुडायला जाते. ओहोटी असली की मला खिडकीतून दिसते, तोच अंदाज, सेन्सरच्या दहा मिनिटं आधी. वाळवणं फाटकाशी ठेवून जाते, आत येत नाही. सगळ्यांवर मिठाची पांढरी पूड असते.

परवा आकडे आले. सहापैकी पाच पोरांची गळती थांबली आहे, सहाव्याची निम्म्यावर आली आहे. मी कागद घेतला आणि चपला न घालताच निघाले. दोनशे पावलं. वहिनी अंगणात पाठमोरी उभी राहून जाळी झटकत होती. मी कुंपणाशी थांबले. ती वळली असती तर मी कागद दाखवला असता. ती वळली नाही, आणि मी हाक मारली नाही. तिने येऊ नको म्हणून सांगितलं होतं. थोड्या वेळाने मी परत आले.